पत्र्याच्या खोलीतला फोन

गेल्या रविवारी नील फोनवर म्हणाला, "आजी, तुझ्या गोष्टींच्या फोल्डरमध्ये एक फाईल रिकामी आहे. नाव आहे 'वजा'. नऊ मिनिटांची आहे आणि त्यात नुसती खरखर आहे. डिलीट करू?" मी इतक्या मोठ्याने "नको" म्हणाले की मागून ईरा विचारू लागली, आजीला काय झालं म्हणून. तेव्हा फोनवर सांगता येण्यासारखं ते नव्हतं. आज सकाळचं सगळं आवरून, टेबल पुसून लिहायला बसले आहे. ती फाईल रिकामी नाही. ती परबांची आहे. परब कोण होते हे कळल्याशिवाय ती ऐकून उपयोग नाही, म्हणून आधी परब.

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी अंध मुलांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून द्यायचं काम घेतलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्या संस्थेने मला रेकॉर्डिंगसाठी चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतला एक पत्ता दिला. बोरिवलीहून रिक्षाने वीस मिनिटं. दुसऱ्या मजल्यावर लांब बोळ, दोन्ही बाजूंना गाळे. एकात प्लास्टिकची झाकणं बनत, एकात पुठ्ठ्याची खोकी, आणि शेवटच्या गाळ्यावर पाटी नव्हतीच. दारात स्टुलावर स्टीलचा एक मोठा डबा, डाळ-तांदूळ ठेवतात तसला. आतून आवाज आला, "मोबाइल बंद करून डब्यात. झाकण लावा."

मी म्हणाले, "बंद केला तर डब्यात कशाला?"

"बंद केला म्हणणारे सगळेच बंद करत नाहीत, बाई."

असे परब. साठीच्या आसपासचे, सडपातळ, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात छोटी टॉर्च. मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते. स्वतः परब जन्मापासून मुंबईत, बोलणं आपल्या सगळ्यांसारखं, पण मनात काही हललं की मालवणी वर यायची.

पहिल्या दिवशी इतिहासाचा एक धडा वाचून झाला. मी पर्स उचलली आणि म्हणाले, "बरं, जाते मी." दोन जिने उतरून खाली आले तर वरून हाक आली, "बाई! परत या." मला वाटलं काहीतरी बिघडलं. धापा टाकत वर गेले.

"बसा. पाणी प्या. आता निघताना काय म्हणायचं ते नीट म्हणा."

मी त्रेसष्ट वर्षांची, निम्म्या बोरिवलीला इंग्रजी शिकवलेली बाई. त्या खुर्चीत बसून मी हळूच म्हणाले, "येते."

"या," परब म्हणाले आणि माझ्याकडे पाठ करून कामाला लागले.

त्या गाळ्यात कुणी "जातो" म्हणायचं नाही, हा नियम होता. भजनी मंडळाचे बुवा असोत की वीजबिल घेऊन आलेला माणूस असो. आपल्या घरांतूनही तसं म्हणत नाहीत, पण आपण चुकलो तर सोडून देतो. परब सोडत नसत. याचं कारण मला दोन वर्षांनी कळलं.

गाळ्याच्या मागे एक खोली होती, तिला ते पत्र्याची खोली म्हणत. तिथे लोखंडी नळ्यांच्या चौकटीत, स्प्रिंगांवर ताणून, एक मोठा पोलादी पत्रा टांगलेला होता. दाराहून उंच आणि कागदाहून जरा जाड. परबांनी तो तरुणपणी स्वतः उभा केला होता. पत्र्याच्या मध्ये एक छोटी चकती चिकटवलेली, तिला ते तोंड म्हणत, आणि कडेला दोन, ते कान. बाहेर कॉम्प्युटरमध्ये माझा आवाज साठवलेला असे. तो कॉम्प्युटरमधून एका पेटीत, पेटीतून वायरने मागच्या खोलीत, तोंडातून पत्र्यात जायचा. पत्रा थरथरायचा. ती थरथर दोन कानांनी परत बाहेर आणून कॉम्प्युटरमध्ये दुसऱ्या ओळीवर नव्याने रेकॉर्ड व्हायची. मूळ आवाजात ती चिमूटभर मिसळली की माणूस कोऱ्या कागदावर न बोलता एखाद्या जागेत उभा राहून बोलतोय असं वाटतं.

"पाठ्यपुस्तकाला हे कशाला?" मी विचारलं होतं.

"बाई, तुमचा आवाज खडूसारखा आहे."

"म्हणजे चांगला की वाईट?"

"कोरडा. फळ्यावर चालतो. पोरांनी कानात घालून ऐकायचा तर जरा पाणी लावायला हवं."

हल्ली असले हजार पत्रे कॉम्प्युटरमध्येच मिळतात, खऱ्या पत्र्याची गरज नाही, असं मला तिथे आलेल्या एका तरुण संगीतकाराने सांगितलं होतं. शिवाय ते लगेच होतं. खऱ्या पत्र्यातून नऊ मिनिटांच्या गोष्टीला नऊ मिनिटंच लागतात, घाई करता येत नाही. (तुम्ही दोघं माझ्या गोष्टी दीडपट वेगाने ऐकता हे मला माहीत आहे.) आवाज बाहेर गेला की तो परत येईपर्यंत बसून राहायचं. परब याला खेप म्हणत. खेप चालू असताना बोलायचं नाही, हलायचं नाही, खुर्ची करकरू द्यायची नाही, कारण पत्र्याला सगळं ऐकू येतं. स्पीकरसुद्धा बंद. फक्त पडद्यावर परत आलेल्या आवाजाची हिरवी रेघ उमटताना दिसे.

वसाहतीत एवढी शांतता दिवसातून एकदाच मिळे, दुपारी एक ते दीड, जेवणाच्या सुट्टीत. एकला सगळ्या मशिनी थांबत. शेजारचे खोकीवाले छेडाशेठ भिंतीवर दोन थापा मारत, म्हणजे त्यांचंही बंद झालं. परब आधी एक टिचकी पाठवत. नुसता 'टक्' असा आवाज, तो किती उशिराने परत येतो ते पाहून पडद्यावर तेवढं मागेपुढे जुळवून घेत. मग कळ दाबताना ओठांतल्या ओठांत म्हणत, "जाऊन ये." माझ्या आवाजाला. शाळेत मीही फळ्याला नमस्कार करूनच तास सुरू करायची.

दीडला भिंतीपलीकडून छेडाशेठ ओरडत, "परबभाई, सुट्टी संपली! तुमच्या पत्र्याला सांगा ना, जरा लवकर गा म्हणून!"

"तो गात नाही शेठ, ऐकतो!"

"मग माझी मशीन ऐकेल तो आता!" आणि धाडधाड सुरू.

त्या अर्ध्या तासात परब एकच वाचन दोनदा पाठवत. पहिली खेप आणि दुसरी खेप. पुढची गोष्ट नीट वाचा, कारण सगळं तिच्यावर आहे. दोन्ही खेपा पडद्यावर एकाखाली एक लावायच्या. त्यांतल्या एकीची लाट उलटी करायची, म्हणजे जिथे चढ तिथे उतार. मग दोन्ही एकत्र वाजवायच्या. दोन्हींमध्ये जे सारखं आहे ते एकमेकांना खाऊन टाकतं. माझा अख्खा धडा नाहीसा होतो. उरते थोडी खरखर आणि जे काही एकाच खेपेत पत्र्याच्या खोलीत शिरलं असेल ते. परब त्या उरलेल्याला 'वजा' म्हणत. खेप स्वच्छ आहे की नाही हे तपासायची ती त्यांची पद्धत होती. डोळे मिटून, हेडफोन दाबून ते वजा ऐकत.

"छेडाशेठचा हमाल बोळातून गेला," ते एकदा म्हणाले. "डाव्या पायाची चप्पल तुटलीय." निघताना जिन्यात तो माणूस भेटला. डाव्या चपलेच्या अंगठ्याला सेफ्टी पिन होती.

आणखी एकदा हेडफोन माझ्याकडे देत म्हणाले, "ऐका. कबुतर." खरखरीतून पंखांची फडफड आली आणि पत्र्यावर नखं घासल्यासारखा आवाज. "बसलं," परब म्हणाले. "आता उडाल्याचा आवाज शोधा." मी शेवटपर्यंत ऐकलं. नव्हता. ते स्टूल घेऊन आत गेले आणि पंख्याच्या भोकापाशी टॉर्च मारली. कबुतर चौकटीच्या माथ्यावर बसलेलं होतं, मान आत घेऊन, मेलेलं. परबांनी त्याला वर्तमानपत्रात गुंडाळलं, खाली नेऊन झाडाच्या बुंध्याशी पुरलं, मग हात धुऊन डबा खाल्ला. माझा डबा मी तसाच घरी आणला.

आता फोन. पत्र्याच्या खोलीत भिंतीवर जुना, राखाडी, बटणांचा फोन होता. दर खेपेआधी परब आत जात, रिसिव्हर उचलून खालच्या फळीवर आडवा ठेवत आणि दुसरी खेप संपल्यावर परत जागेवर ठेवत. मला वाटे, मध्येच वाजू नये म्हणून. ते बरोबरच होतं. फक्त एकदा आत झाडताना माझी नजर त्याच्या वायरीवर गेली. ती भिंतीवरून हातभर खाली येऊन संपत होती. टोकाला काळी चिकटपट्टी. बाहेर रस्ता खोदला तेव्हा लाइन गेली ती गेलीच, असं छेडाशेठ म्हणाले. किती वर्षं झाली, तर त्यांनी नुसताच हात हलवला.

तुमच्या आजीला नीटनेटकेपणाचा रोग आहे, हे तुमची आई सांगतेच. एका शुक्रवारी परब रिसिव्हर काढून ठेवून छेडाशेठना काही सांगायला बोळात गेले. मी आत डोकावले. फळीवर आडवा पडलेला मेलेला रिसिव्हर मला बघवेना. मी तो उचलून फोनवर नीट ठेवला आणि बाहेर येऊन बसले. परब आले, टिचकी मारली, "जाऊन ये" म्हणाले, दोन खेपा झाल्या. मग ते रिसिव्हर ठेवायला आत गेले.

बाहेर आले ते थेट माझ्यासमोर उभे राहिले.

"बाई, रिसिव्हर कुणी ठेवला?"

"मी. परब, तो बंदच आहे ना..."

त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. वजा काढला. तो तीनदा ऐकला. मग हेडफोन काढून ठेवले आणि म्हणाले, "काही नाही. आला नाही." हे त्यांनी सुटका झाल्यासारखं म्हटलं की निराशेने, ते मला त्या दिवशी कळलं नाही. मी माफी मागितली. मग त्यांनी सगळं सांगितलं.

त्यांच्या बायकोचं नाव सुनंदा. गाळ्यात बाहेरच्या टेबलाशी तीच बसे. आलेल्यांचे मोबाइल डब्यात टाकणं आणि एकला आत जाऊन रिसिव्हर काढून ठेवणं, ही तिची कामं. एकदा तिची आई आजारी पडली म्हणून ती गावाला गेली. निघताना घाई होती, खाली रिक्षा थांबली होती. ती मालवणीत "जातंय" म्हणाली, म्हणजे "जाते". परबांनी मान वर न करता "हां" म्हटलं. दोघांच्याही लक्षात आलं नाही.

चौथ्या दिवशी एका बुवांच्या भजनाची पहिली खेप चालू होती. रिसिव्हर काढायचं परबांच्या लक्षातच आलं नव्हतं, ते काम त्यांचं कधी नव्हतंच. मध्येच फोन वाजू लागला, पत्र्यापासून चार हातांवर.

"पैल्याच घंटीक खेप नासली, बाई," परब म्हणाले. "नासलेली खेप. ती ठेवून करूचा काय होता? तरी मी बसान रवलंय. खेप चालू असताना उठायचं नाही म्हणून. अकरा घंट्या झाल्या. माका वाटला, गिऱ्हाईक आसतला."

फोन थांबला. त्यांनी दुसरी खेप केली, ती चांगली आली. डबा खाल्ला. चार वाजता गावाहून निरोप आला. सुनंदाबाई दुपारी दुकानातून फोन करायला गेल्या होत्या. तिथून घरी आल्या, पायरीवर बसल्या, आणि उठल्या नाहीत. छातीत काहीतरी झालं असावं. दुकानदाराने नंतर परबांना सांगितलं की बाई रिसिव्हर कानाला लावून खूप वेळ उभ्या होत्या. मग ठेवला, हसल्या आणि म्हणाल्या, "कामात आसतले."

"तिका म्हायत होता," परब पुढे म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते. "एक ते दीड फोन लागत नाही, हे जगात कुणाला माहीत नसेल, तिला माहीत होतं. तीच तर काढून ठेवायची. तरी त्याच वेळेला केल्यान. कित्याक? काय सांगायचं होतं?"

मग त्यांनी मला तो वजा ऐकवला. त्या दिवशीच्या दोन्ही खेपा त्यांनी जपल्या होत्या. बुवा गेले, टाळ गेले, पेटी गेली. राहिली खरखर आणि तिच्यातून घंटी. पत्र्यातून आलेली, त्यामुळे प्रत्येक घंटीमागे लांब शेपूट, एखाद्या विहिरीत वाजावी तशी. मी मोजल्या. अकरावी संपल्यावर तिचा आवाज पत्र्यात विरत विरत गेला आणि परबांनी तो पूर्ण विरेपर्यंत हात हलवला नाही.

"रोज ऐकता?" मी विचारलं.

"रोज नाही," ते म्हणाले, आणि खोटं बोलल्यासारखे टॉर्चशी चाळा करत राहिले.

त्यानंतर मी तिथे रिसिव्हरला हात लावला नाही. त्या विषयावर आम्ही बोललोही नाही. मंगळवार-शुक्रवार मी धडे वाचत गेले. मग तुम्ही तिकडे दूर राहायला गेलात आणि मी तुमच्यासाठी गोष्टी रेकॉर्ड करू लागले. परब त्या फुकट करून देत आणि दर वेळी विचारत, "पोरांना आवडली का?"

गेल्या वर्षी वसाहत विकली गेली. पाडून तिथे मोठी इमारत होणार होती. एकेक गाळा रिकामा झाला, झाकणांची मशीन गेली, छेडाशेठ वसईला गेले. परबांना दम लागायचा, दोन जिने चढताना ते चारदा थांबत. गावाला पुतण्याने घर नीट करून ठेवलं होतं, रोज फोन करून बोलावत होता. परब जात नव्हते. छेडाशेठ मुद्दाम वसईहून त्यांना समजवायला आले तेव्हा मी तिथेच होते.

"परबभाई, बिल्डिंगमध्ये आता तुम्ही आणि उंदीर. पाणी कापला, उद्या लाईट कापेल. गावाला काय प्रॉब्लेम हाय तुमाला?"

"नंबर इथला आहे, शेठ."

"कसला नंबर?"

"तिला एकच नंबर पाठ होता. ह्या गाळ्याचा. उद्या तिने केला तर?"

छेडाशेठनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. इतका व्यवहारी माणूस, पण तो "वायर तुटली आहे" असं म्हणाला नाही. नुसता परबांच्या गुडघ्यावर हात ठेवून बसला.

आणि मग एका गुरुवारी परबांचाच मला फोन आला. "बाई, शनिवारी या. पत्रा सोमवारी भंगारात जाणार. तुमची म्हातारीची गोष्ट राहिलीय, ती करून टाकू." ही तीच आवळ्याच्या झाडाखालच्या म्हातारीची गोष्ट, जी ईराला दर सुट्टीत तीनदा लागायची. तिचं कोरडं वाचन आदल्या आठवड्यात झालं होतं.

शनिवारी मी गेले. बोळातली सगळी दारं उघडी, आत काही नाही. आता दिवसभरच शांतता होती, जेवणाच्या सुट्टीची वाट बघायचं कारण नव्हतं, तरी परब एक वाजेपर्यंत थांबले. टिचकी मारली. ती आली. मी आतल्या दाराकडे पाहत होते, कारण एक गोष्ट राहिली होती.

"परब, रिसिव्हर?"

"आज राहू दे जागेवर."

त्यांनी कळ दाबली. "जाऊन ये," म्हणाले.

नऊ मिनिटांची गोष्ट. स्पीकर बंद, पडद्यावर फक्त हिरवी रेघ. पहिली पाच मिनिटं काही नाही. मग परबांनी मान वर केली. कुणीतरी नावाने हाक मारल्यावर माणूस करतो तशी. मला काहीही ऐकू आलं नव्हतं. हे मी तुम्हाला दोनदा सांगते, मला काहीही ऐकू आलं नव्हतं, आणि माझे कान अजून चांगले आहेत.

परब उठले. इतक्या वर्षांत खेप चालू असताना मी त्यांना पापणी जोरात मिटतानाही पाहिलं नव्हतं. ते उठले, दार उघडून आत गेले, दार मागे लोटलं. दाराला काचेची छोटी चौकट होती, तिच्यातून मला त्यांची पाठ दिसली. त्यांनी रिसिव्हर उचलून कानाला लावला. पाठ जराशी वाकली. तुटक्या वायरीचं काळं टोक त्यांच्या कोपराशी हलत होतं. ते बराच वेळ उभे होते. मग त्यांनी रिसिव्हर सावकाश ठेवला, बाहेर येऊन खुर्चीवर बसले आणि खेप संपेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसून राहिले.

मी तोंड उघडणार तोच त्यांनी बोट वर केलं. "दुसरी."

दुसऱ्या खेपेत ते हलले नाहीत. ती झाल्यावर त्यांनी एक खेप उलटी केली, दोन्ही जुळवल्या. हेडफोन घेतले नाहीत. स्पीकर सुरू केले, म्हणजे मलाही ऐकू यावं.

माझी म्हातारी गेली, आवळ्याचं झाड गेलं. खरखर राहिली. साडेपाच मिनिटं नुसती खरखर. मग घंटी वाजली, त्याच लांब शेपटाची. दुसरी वाजली. दाराची कडी. चपलांचे चार-पाच आवाज. तिसरी घंटी अर्ध्यात तुटली. रिसिव्हर उचलल्याचा खट्ट आवाज. आणि परबांचा आवाज, मी कधी ऐकला नव्हता इतका तरुण:

"बोल गे."

मग बराच वेळ काही नाही. मध्ये एकदा "हां." पुन्हा शांतता. "हां, हां." एक छोटं हसू, नाकातलं. मग म्हणाले, "बरां. येतंय." आणि रिसिव्हर ठेवल्याचा आवाज पत्र्यात कितीतरी वेळ फिरत राहिला.

मी विचारलं, "काय म्हणाल्या त्या?"

परबांनी माझ्याकडे नवलाने पाहिलं. "आत्ता ऐकलंत ना तुम्ही?"

"मला फक्त तुमचं ऐकू आलं, परब."

"तिचं नाही आलं?" त्यांनी पडद्यावरच्या रेघेकडे पाहिलं, मग परत माझ्याकडे. आणि ते हसले. "मग ते माझ्याकडेच राहू दे."

मी शिक्षिका आहे, पडताळून पाहिल्याशिवाय मला झोप येत नाही. घरी येऊन मी विचार केला. सकाळी त्यांनी जुना वजा उघडला असेल, तो एखाद्या ओळीवर चुकून चालू राहिला असेल, म्हणून गोष्टीबरोबर त्या जुन्या घंट्याही पत्र्यात गेल्या असतील. ताणलेला पत्रा स्वतःही बारीक गुणगुणतो, तेच परबांच्या सवयीच्या कानांना ऐकू आलं असेल. हे होऊ शकतं. पण मग दुसऱ्या खेपेतही त्या घंट्या गेल्या असत्या, आणि दोन्हींत असलेलं तर नाहीसं होतं. शिवाय जुन्या घंट्या अकरा होत्या. ही तिसरी अर्ध्यावर थांबली. यापुढे माझं गणित जात नाही.

त्या दुपारी परबांनी माझ्यासमोर जुना वजा शोधला आणि पुसून टाकला. एकदाही न ऐकता. नवा माझ्या पेनड्राइव्हवर म्हातारीच्या गोष्टीशेजारी घातला, तिथून तो तुमच्या फोल्डरमध्ये आला. "गोष्ट तुमची होती, तेव्हा हाही तुमचाच." भंगारवाला सोमवारी येऊन पत्रा कापून नेईल, त्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. दाराला कुलूप लावून ते स्टुलापाशी आले, डब्याचं झाकण काढलं. माझा मोबाइल मला दिला, त्यांचा सुरू करून शर्टाच्या खिशात टॉर्चशेजारी ठेवला. इतक्या वर्षांत त्यांच्या खिशात मोबाइल मी पहिल्यांदा पाहिला. डबा त्यांनी माझ्या हातात दिला. "पोहे ठेवा."

जिना ते न थांबता उतरले. फाटकापाशी मी नियमाप्रमाणे म्हणाले, "येते हं, परब." यावर ते नेहमी "या" म्हणत. त्या दिवशी म्हणाले, "येतंय, बाई." आणि उन्हात, पांढरा शर्ट, एक हात खिशावर ठेवून, रिकाम्या गाळ्यांच्या रांगेसमोरून रिक्षा स्टँडकडे चालू लागले. चाल अशी की कुणीतरी वाट बघत असावं.

डबा माझ्या स्वयंपाकघरात आहे. पोहे त्यात ठेवलेले नाहीत. ती फाईल लावाल तेव्हा हेडफोन घ्या, आवाज वाढवा, वेग साधाच ठेवा आणि साडेपाच मिनिटं थांबा.

नीलने विचारल्यानंतर, परवा, मी परबांच्या मोबाइलवर फोन केला. त्यांना कळवावं म्हणून, की पोरांना फाईल सापडली. वेळ मुद्दाम पाहिली नव्हती, पण घड्याळात एक वाजून दहा झाले होते. पलीकडे घंटी वाजत राहिली. मी मोजत नव्हते, तरी अकरा झाल्या हे मला कळलं. फोन खाली ठेवला आणि स्वयंपाकघरात कुणी नसताना मोठ्याने म्हणाले, "कामात असतील."

आणि मला हसू आलं.